जुना संगणक, नवी विंडोज?

विंडोज १० साठीची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांना वाटतं, बिघडलं कुठे? गोम इथेच आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड सामाईक आहे. ११ मधलं भोक बुजवणारं अपडेट आलं, की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात. म्हणजे नव्याचं ठिगळच जुन्याचं भोक दाखवून देतं! आणि अपडेट न बसवण्याची किंमत आधी दिसलेली आहे: मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या फाइली ओलीस धरल्या, तेव्हा त्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. युक्त्या लढवून विंडोज ११ जुन्या यंत्रावर चढवता येते, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. त्यापेक्षा लिनक्स मिंट ही वेगळी प्रणाली ४ जीबी रॅमवरही बरी चालते, युनिकोड मराठीसकट. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर वेगातला फरक लगेच जाणवतो.

अपवाद, हार्डवेअर लॉकवर चालणाऱ्या जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचा. नव्या प्रणालीवर ते चालेलच असं नाही. तो संगणक आहे तसाच ठेवा, फक्त त्याचं इंटरनेट तोडा. आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासून घ्या.