शैलीची घाई: फॅशन इलस्ट्रेशनमधले समज आणि वस्तुस्थिती

फॅशन इलस्ट्रेशन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच एक प्रश्न छळू लागतो: माझी स्टाईल कोणती? अजून मनगट नीट जमत नसतं, उभ्या माणसाचा तोल कागदावर सांभाळला जात नसतो, पण शैली मात्र हवी असते आणि तीही लगेच. या घाईमागे एक पक्का समज आहे. शैली ही निवडायची गोष्ट आहे, म्हणजे डोळे असे काढायचे, मान इतकी लांब ठेवायची, रंग अमुकच वापरायचे आणि एकदा ठरलं की ते सोडायचं नाही. या क्षेत्रात ज्यांचं काम टिकलं त्यांच्याकडे पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. त्यांची शैली कपडा बारकाईने पाहण्यातून, हातात असलेल्या साहित्यातून आणि चित्र शेवटी कशावर छापलं जाणार आहे या अगदी व्यावहारिक गरजेतून घडली. ती आधी ठरवून मग चित्रं काढली, असं उदाहरण शोधावंच लागतं.

'एकच शैली हवी' हा समज सर्वांत घट्ट, म्हणून आधी त्याच्याकडे वळू. अँटोनिओ लोपेझ हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं या क्षेत्रातलं बहुधा सर्वांत मोठं नाव. १९४३ साली प्वेर्तो रिकोमध्ये जन्म, लहानपणी कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला स्थलांतर, तिथल्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश. शिकत असतानाच 'विमेन्स वेअर डेली' या व्यापारी दैनिकात काम मिळालं आणि शिक्षण मागे पडलं. पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'. १९८७ मध्ये ते वारले, म्हणजे कारकीर्द जेमतेम पंचवीस वर्षांची. तेवढ्यात त्यांनी इतक्या तऱ्हा हाताळल्या की काही चित्रं शेजारी ठेवली तर चित्रकार दोन वेगळे वाटावेत. कधी चित्रकार फेर्नां लेजेची आठवण करून देणारे नळकांड्यांसारखे भरीव आकार, कधी पॉप आर्टचे भडक सपाट रंग, कधी एखाद्या जुन्या अभ्यासचित्रासारखी नाजूक पेन्सिल. शिवाय 'अँटोनिओ' ही सही एका माणसाची नव्हतीच म्हणा ना. विद्यार्थिदशेतच भेटलेले हुआन रामोस संकल्पना आणि कलादिग्दर्शन सांभाळत, आणि संदर्भ शोधण्यात त्यांचा वाटा मोठा होता. शैली एकट्याच्या अंतर्मनातून उगवते, या समजुतीलाही इथे तडा जातो. तरीही अँटोनिओंचं चित्र ओळखू येतं. त्यांची माणसं कधी नुसती कपडे घालून उभी राहत नाहीत, ती त्या कपड्यांत काहीतरी करत असतात, कुणाकडे तरी बघत असतात. रेषा बदलत गेली, पण शरीराकडे पाहण्याची ती नजर कायम राहिली.

यावर आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. अँटोनिओ अपवाद होते, सामान्य इलस्ट्रेटरला काम देणारा ग्राहक तर ठरावीक 'लुक' पाहूनच येतो, मग सातत्य नको का? हवंच. पण सातत्य आणि साचा यांत फरक आहे. सातत्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे रेने ग्रुओ. १९०९ मध्ये रिमिनीत जन्म, २००४ मध्ये रोममध्ये मृत्यू, आणि मधल्या अनेक दशकांत तीच जाड, वेगवान काळी रेष, मोठी मोकळी जागा आणि एखादा पेटता लाल. ख्रिश्चन दिओरच्या 'मिस दिओर' अत्तरासाठी १९४७ मध्ये त्यांनी केलेल्या जाहिरातीत बाईच नाही. एक हंस, त्याच्या गळ्यात मोत्यांची माळ आणि काळी फीत. दुसऱ्या एका जाहिरातीत बिबट्याच्या पंजावर ठेवलेला बाईचा हात, एवढंच. या चित्रांत डोळे, ओठ, नाक यांपैकी माणसाचं काहीच नाही, कपडाही नाही, तरी ती ग्रुओंचीच आहेत हे कळायला सही वाचावी लागत नाही. आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी शैलीच्या नावाखाली वहीची पानंच्या पानं फक्त चेहऱ्यांनी भरतात. त्यांनी हा हंस समोर लावून ठेवावा. चेहरा हा फॅशनच्या चित्रातला सर्वांत कमी गरजेचा भाग असू शकतो. चांगले चित्रकार बरेचदा तो दोन रेषांत उरकतात किंवा सरळ कोरा सोडतात, कारण ग्राहकाला बाही कशी बसली आहे ते पाहायचं असतं.

दुसरा समज प्रभावाविषयीचा. 'दुसऱ्यांची चित्रं फार पाहू नका, स्वतःचं हरवेल' असा सल्ला काही शिक्षकही देतात. ग्रुओंच्या रेषेचं मूळ शोधायला गेलं की तुलूझ-लोत्रेकची पोस्टरं लागतात. लोत्रेक जपानी लाकूडठशांच्या चित्रांकडून शिकले होते आणि ग्रुओंनीही ती चित्रं पाहिली होती. 'हार्पर्स बझार'ची मुखपृष्ठं वीसेक वर्षं गाजवणाऱ्या एर्तेंनी ग्रीक भांड्यांवरची चित्रं आणि पर्शियन लघुचित्रं यांतून भरपूर उचललं. कुणीही रिकाम्या हातांनी सुरुवात केलेली नाही. धोका पाहण्यात नाही, एकाच चित्रकाराला पाहण्यात आहे, आणि तोही समकालीन, मोबाइलच्या पडद्यावर रोज समोर येणारा असला तर जास्तच. अशा वेळी विद्यार्थी त्याने काढलेले निष्कर्ष तेवढे उचलतो, ते कशावरून निघाले हे त्याला कळतच नाही. सरावासाठी नक्कल करणं हा शिकण्याचा जुना आणि प्रामाणिक मार्ग आहे. फक्त ती नक्कल स्वतःचं काम म्हणून पोर्टफोलिओत ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

साहित्याकडे तर फारच कमी लक्ष जातं. पॅरिसहून १९१२ ते १९२५ या काळात निघालेल्या 'गॅझेत द्यु बाँ ताँ' या नियतकालिकातली जॉर्ज बार्बिए, जॉर्ज लपाप यांची चित्रं आज 'आर्ट डेको शैली' म्हणून नकलली जातात. स्वच्छ बाह्यरेषा, सपाट रंग, छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. यामागे रुची होती तशीच एक पद्धतही होती. पोश्वार, म्हणजे कापलेल्या साच्यांमधून हाताने एकेक रंग भरत प्रत तयार करणं. साच्यातून हळुवार छटा उतरवणं जिकिरीचं, म्हणून आकार सपाट आणि कडा स्पष्ट. अँडी वॉरहॉल चित्रकार म्हणून जगप्रसिद्ध होण्याआधी न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिराती काढत. १९५०च्या दशकातली आय. मिलर कंपनीसाठीची त्यांची चित्रं तुटक, थरथरत्या रेषेसाठी ओळखली जातात. ती थरथर हाताची नव्हती. शाई न शोषणाऱ्या कागदावर रेघ काढायची आणि ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबून उमटवायची, ही विद्यार्थिदशेपासूनची त्यांची युक्ती. वर्तमानपत्रात काम करणाऱ्यांना खरखरीत कागदावर, काळ्या-पांढऱ्यात उठून दिसेल अशी रेष काढावी लागे. अँटोनिओंचं उमेदवारीचं शिक्षण नेमकं तिथेच झालं. आजचा विद्यार्थी टॅबलेटवर शेकडो ब्रश विकत घेऊ शकतो आणि दर आठवड्याला बदलतो. साहित्य इतकं मुबलक असलं की ते काहीच शिकवत नाही. निदान एक सत्र एकच बोरू किंवा एकच जाड ब्रश, एकच शाई एवढ्यावर काढावं. हात त्या साहित्याशी झगडताना जे करतो, ते दुसऱ्या कुणाचं नसतं.

आता क्रोकी, म्हणजे जिच्यावर कपडे चितारायचे ती मूळ मानवाकृती. वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं जातं की सर्वसाधारण माणसाची उंची साडेसात डोक्यांएवढी आणि फॅशनच्या आकृतीची नऊ किंवा दहा. मग कुणी म्हणतं, हा साचा विद्यार्थ्याचं वेगळेपण मारतो. कुणी उलट म्हणतं, हाच नियम, तो मोडू नये. दोघांचंही चुकतं, कारण क्रोकी हे मोजमापाचं साधन आहे. त्यातली खरी शिकण्याची गोष्ट म्हणजे तोलरेषा: गळ्याच्या खळग्यातून सरळ खाली टाकलेली रेघ ज्या पायावर शरीराचा भार आहे त्याच्यापाशी पडली पाहिजे, आणि भार एका पायावर आला की कंबर एका बाजूला, खांदे दुसऱ्या बाजूला कलतात. हे कळलं की डोकी आठ ठेवा नाहीतर अकरा, आकृती पडत नाही. वाढीव उंची बहुतेक वेळा पायांत घातली जाते, आणि इथेच मराठी विद्यार्थ्यापुढे एक झकास अडचण उभी राहते. गाऊन किंवा पाचवारी साडी असेल तर लांबलेले पाय शोभतात, निऱ्या नुसत्या उंच होतात. नऊवारीत काष्टा पायांमधून मागे खोचलेला, मांड्यांभोवती कापडाचा घेर, पुढे ओच्याचा फुगवटा. नडगी नेहमीच्या क्रोकीसारखी ताणली की तेच लुगडं आखूड पडल्यासारखं दिसतं. कोळणीचं गुडघ्यापर्यंतचं नेसणं आणि घोट्यापर्यंत येणारं ब्राह्मणी नेसणं यांना उंची वेगवेगळ्या जागी वाटून द्यावी लागते. पुस्तकातलं प्रमाण इथे पुरत नाही, चित्रकाराला स्वतः निर्णय घ्यावा लागतो.

कापडाचंही तेच. पैठणीचा पदर जरीमुळे जड आणि ताठ, त्याच्या घड्यांना कोन असतात. शिफॉन अंगावरून ओघळतं. चंदेरीतून आरपार दिसतं, पण ती अंगाला चिकटत नाही, थोडी फुगून राहते. मखमलीवर उजेड घडीच्या माथ्यावर न चमकता कडेला चमकतो, आणि साटीनवर नेमकं उलट. हे पाहून काढलेलं आणि फोटोवरून अंदाजाने काढलेलं यांतला फरक जाणत्याला लगेच दिसतो. अमेरिकन 'व्होग'चे कार्ल एरिक्सन, जे 'एरिक' या सहीने ओळखले जात, ते शेवटपर्यंत समोर मॉडेल बसवूनच चित्र काढत. त्यांची सैल, सहज वाटणारी रेष या सवयीवर उभी होती.

शैली सगळीकडे चालते, हाही एक गैरसमज, पण तो चटकन निकालात निघतो. कारखान्यात शिवणाऱ्याकडे जाणारं फ्लॅट ड्रॉइंग, म्हणजे टेक पॅकमधलं कपड्याचं सपाट आरेखन, हे मोजमाप, शिवण, बटणांची जागा सांगण्यासाठी असतं. तिथे लहरदार रेष काढली तर बाही चुकीची कापली जाते.

राहिला सर्वांत जुना समज: कॅमेऱ्याने ही कला संपवली, आता उरलीसुरली एआय संपवेल. एडवर्ड स्टायकेन यांचं रंगीत छायाचित्र 'व्होग'च्या मुखपृष्ठावर जुलै १९३२ मध्ये आलं. ग्रुओंचं दिओरसाठीचं काम त्यानंतर पंधरा वर्षांनी सुरू झालं. 'विमेन्स वेअर डेली'मध्ये केनेथ पॉल ब्लॉक १९५०च्या दशकापासून १९९२पर्यंत चित्रं काढत होते. १९९६ मध्ये इंग्लंडचे डेव्हिड डाउनटन पॅरिसचे कुतूर शो चितारायला गेले आणि आज त्यांचं नाव या क्षेत्रात आघाडीवर आहे. पण म्हणून सगळं आलबेल आहे असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मासिकांतली जागा खरोखरच आटली आणि ब्लॉक यांच्या दैनिकाने १९९२ मध्ये चित्रांचा विभागच बंद केला. एआयची गोष्ट आणखी टोकदार आहे. ठरावीक डोळे, ठरावीक ओठ, ठरावीक रंगसंगती असा ठसा जितका पक्का, तितकी त्याची नक्कल यंत्राला सोपी. शैली म्हणजे असा ठसा, असं मानून जो विद्यार्थी चालला आहे, त्याचं काम सर्वांत आधी जाईल.

फॅशन इलस्ट्रेशन शिकवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. पहिल्या दोन वर्षांच्या मूल्यांकनात 'वैयक्तिक शैली' या रकान्याला गुण ठेवू नका. त्याऐवजी एकच साडी, एकाच मॉडेलवर, पाच वेगवेगळ्या साहित्यांत काढून मागा आणि त्या पाचांत कापड कितपत ओळखू येतं एवढंच तपासा. पैठणीची पैठणी दिसली तर गुण द्या, नाहीतर पुन्हा काढायला सांगा.