डोळ्यांत दर सेकंदाला पंधरा भारत

शहाद्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर नंदुरबार गाठावं लागतं. पण शहादेकरांच्या अंगात या क्षणी अब्जावधी ठिकाणी गाड्या धावताहेत! शास्त्रज्ञही त्यांना 'ट्रेन'च म्हणतात.

त्यांचे रूळ असतात सिलियममध्ये. पेशीवर उभा असलेला हा केसासारखा अवयव लांबीला सुमारे ५ मायक्रॉन, जाडीला पाव मायक्रॉन. एवढंसं कसं दिसणार? चला, सगळंच एक कोटी पटीनं फुगवू. तुम्ही मुंबई-पुणे अंतराच्या शंभरपट उंच झालात! २० मायक्रॉनची पेशी झाली २०० मीटरचा गोळा. आणि सिलियम? आपल्या शिवारातली आठ फुटी विहीर, १६० फूट खोल. पेशीच्या पोटात अशा १७,००० विहिरी मावतील. म्हणजे पेशीला १७,००० रुपये दिले, तर सिलियमच्या वाट्याला एक रुपया!

पण त्या रुपयाभर जागेचा पहारा बघा. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००; सिलियममध्ये प्रवेश त्यांतल्या मोजक्याच प्रथिनांना. दाराशी गाळणी आहे. लहान प्रथिनं सरकून जातात, मोठी अडतात. त्यांना गाडीच लागते. ही गाडी १९९३ साली येल विद्यापीठात कीथ कोझमिन्स्की आणि जोएल रोझेनबाम यांना एका शेवाळात दिसली. तिचं इंजिन किनेसिन-२. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, ५ मायक्रॉनला ६२५ पावलं. शेवाळातला वेग सेकंदाला २ मायक्रॉन. कोटीनं गुणा, ताशी ७२ किलोमीटर! हेच इंजिन फळमाशीच्या मिशांतल्या सिलियममध्ये काय करतं, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानू रे यांच्या गटानं तपासलं.

आता श्वास रोखा. डोळ्यातल्या दंडाकार पेशीचं प्रकाश टिपणारं टोक म्हणजे बदललेलं सिलियमच. त्यात ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचे सुमारे १० कोटी रेणू, आणि साधारण दहा दिवसांत सगळा माल नवा! म्हणजे रोज एक कोटी रेणू, सेकंदाला शंभरावर, आणि सगळे एकाच चिंचोळ्या वाटेनं. अशा पेशी एका डोळ्यात सुमारे नऊ कोटी. दोन्ही डोळे मिळून सेकंदाला २,००० कोटींवर रेणू! भारताची लोकसंख्या १४० कोटी धरा. एका सेकंदात जवळपास पंधरा भारत दारातून आत!

आत नेण्याइतकंच नको ते बाहेर काढणंही मोलाचं. ते काम बीबीसोम नावाची आठ प्रथिनांची टोळी करते. ती बिघडली की परकी प्रथिनं आत साचतात, पेशी मरतात. या आजाराचं नाव बार्डेट-बीडल सिंड्रोम, आणि त्यात आधी रात्रीची दृष्टी जाते. तुमचं मूल अंधार पडला की चाचपडत असेल, तर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.