ढेकूण : गैरसमज महागात पडतात

ढेकणाचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. परंतु गादीवाले, जुन्या फर्निचरचे व्यापारी, लॉजचालक आणि मालाच्या खरेदीसाठी गावोगाव फिरणारे आमचे व्यापारी बंधू यांचा या किड्याशी जवळचा संबंध आहे. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. तो येतो सामानाबरोबर. जुन्या बाजारातून घेतलेला पलंग असो की पुणे स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एक रात्र ठेवलेली बॅग असो, त्याला तेवढे वाहन पुरते.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ढेकूण घाणेरड्या घरातच होतात. ढेकणाला घाण नको, रक्त हवे. २०२३ साली पॅरिसमध्ये हॉटेले, सिनेमागृहे आणि रेल्वेगाड्यांतील ढेकणांची एवढी ओरड झाली की सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. आपल्याकडे मात्र लोक शरमेने गप्प बसतात. गादी पिंजायला देताना गिऱ्हाईक काही सांगत नाही. ती गादी दुकानात नव्या मालाशेजारी पडते आणि ढेकूण दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचतो. बदनामी होते ती कारागिराची!

ढेकूण चावल्याने रोग पसरतात, हाही गैरसमज. तसा पुरावा मिळालेला नाही. मात्र झोपमोड होते, अंगाला खाज सुटते आणि खाजवून जखमा चिघळू शकतात.

ढेकूण फक्त अंथरुणात असतात, हेही खरे नाही. पलंगाचे सांधे, भिंतीच्या भेगा, तसबिरीमागची जागा, खुर्चीची शिवण, विजेच्या बटणांची पेटी, कोठेही ते दडतात. कडक उन्हात गादी टाकली की काम झाले, असे समजू नये. वरची बाजू तापते, ढेकूण खाली सरकतो. खोली चार-सहा आठवडे बंद ठेवूनही तो मरेलच असे नाही, कारण पूर्ण वाढलेला ढेकूण उपाशीपोटी बरेच दिवस काढतो.

खरा धोका औषधाच्या गैरसमजात आहे. जालीम औषध म्हणून काही लोक धान्याच्या गोदामातील ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. फेब्रुवारी २०२० मध्ये बिबवेवाडीत, घरात कीटकनाशक मारून घेतल्यानंतर एका दांपत्याचा मृत्यू झाला, ही घटना पुणेकरांनी विसरू नये. रॉकेल ओतण्याने आगीचा धोका वाढतो. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण तर १९४० च्या दशकातच आढळले होते.

मग करावे काय? कपडे व चादरी कडकडीत गरम पाण्यात धुवाव्यात. लाकडी पलंग सुटा करून सांध्यांत उकळते पाणी किंवा वाफ सोडावी. भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. फवारणी परवानाधारक माणसाकडूनच करावी, औषधाचे नाव विचारून घ्यावे आणि तो सांगेल तितका वेळ घरात पाऊल टाकू नये. अंडी फुटून नवी पिल्ले निघतात, म्हणून एका फवारणीवर भागत नाही.

प्रवासात लॉजच्या खोलीत शिरताच चादर उचलून गादीच्या शिवणी पाहाव्यात. काळे बारीक ठिपके दिसले तर खोली बदलून मागावी. बॅग पलंगावर वा जमिनीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवावी. घरी परतल्यावर ती दाराबाहेरच रिकामी करावी.

गादीवाल्या व फर्निचरवाल्या बंधूंना आमची सूचना एवढीच की आलेला जुना माल नव्या मालापासून वेगळा ठेवावा, तपासूनच आत घ्यावा आणि ढेकूण आढळल्यास गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. आज ऐकायला कडू वाटले, तरी तेच गिऱ्हाईक उद्या भरवशाने परत येईल.