फोन-सर्व्हेसाठी ॲस्टरिस्क : लॉगिन कसं लावायचं आणि प्रत्येकाला वेगळं का द्यायचं

तुमच्यापैकी अनेकांच्या संशोधनात कधी ना कधी फोनवरून मुलाखती घ्यायची वेळ येणार आहे. समजा पाच सर्वेक्षक आहेत आणि काही शे उत्तरदाते. सर्वेक्षकांनी आपापल्या मोबाइलवरून फोन केले, तर कोणी कोणाला कधी फोन केला आणि किती वेळ बोललं, याची एकत्र नोंद राहत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी विभागातल्या एखाद्या साध्या कॉम्प्युटरवर ॲस्टरिस्क बसवतात. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही मुक्त-स्रोत प्रणाली. ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजचं काम ती सॉफ्टवेअरमध्ये करते.

बसवणं फार अवघड नाही. घाई होते ती लॉगिन लावताना. 'सध्या सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ, नंतर बघू' असं ठरतं आणि ते 'नंतर' काही येत नाही. म्हणून आज फक्त लॉगिनबद्दल बोलूया.

एका फोनसाठी तीन नोंदी

आधी एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शिका 'सिप डॉट कॉन्फ' नावाची फाइल भरायला सांगतात. ती जुनी पद्धत २०२३ मध्ये आलेल्या ॲस्टरिस्क २१ मधून काढून टाकली आहे. आता 'पीजेसिप डॉट कॉन्फ' वापरायची. नव्या फाइलमध्ये एका फोनसाठी तीन नोंदी लागतात, आणि नवखा माणूस नेमका इथेच गोंधळतो.

होस्टेलचं उदाहरण घ्या. खोली कोणाच्या नावावर आणि तिथे काय चालतं, काय चालत नाही, ही एक नोंद. खोलीची किल्ली ही दुसरी गोष्ट. आणि तो मुलगा आत्ता नेमका कुठे सापडेल, ही वॉचमनच्या वहीतली तिसरी. ॲस्टरिस्कमध्ये पहिलीला 'एंडपॉइंट' म्हणतात, दुसरीला 'ऑथ' आणि तिसरीला 'एओआर', म्हणजे ॲड्रेस ऑफ रेकॉर्ड. युजरनेम आणि पासवर्ड फक्त 'ऑथ'मध्ये असतात.

पहिल्या सर्वेक्षकाचा नंबर २०१ ठरवला असेल, तर एंडपॉइंटचं आणि एओआरचं नाव २०१ च ठेवा. एओआरला दुसरं काही नाव दिलं, तर पासवर्ड बरोबर असूनही फोन नोंदला जात नाही. 'ऑथ'मधलं युजरनेम मात्र २०१ असायची गरज नाही, आणि नसलेलं बरं. मोबाइलवरच्या फोन-ॲपमध्ये लॉगिनच्या नावासाठी बहुतेक वेळा वेगळा रकाना असतो. नंबर सगळ्यांना माहीत असतो, निदान लॉगिनचं नाव तरी नसावं.

पासवर्ड तारेवरून जातो का?

आता गंमत बघा. फोन सर्व्हरला म्हणतो, 'मला नोंदवून घे.' सर्व्हर लगेच नकार देतो, उत्तर ४०१. हा बिघाड नाही! त्या नकारासोबत सर्व्हर एक तात्पुरता आकडा पाठवतो. फोन तो आकडा, युजरनेम, पासवर्ड वगैरे एकत्र घुसळून एक ठसा तयार करतो आणि फक्त ठसा परत पाठवतो. सर्व्हर आपल्याकडच्या पासवर्डवरून तोच हिशेब करतो. दोन्ही ठसे जुळले की २००, म्हणजे काम झालं.

म्हणजे पासवर्ड स्वतः प्रवास करत नाही. पण वाटेत कोणी तो आकडा आणि ठसा टिपला, तर तो घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. चार अंकी पासवर्डच्या शक्यता फक्त १०,०००. कॉम्प्युटरला क्षणभर पुरे. त्यामुळे 'नंबर २०१, पासवर्डही २०१' हा प्रकार तर नकोच. सोळा अक्षरांचा, यंत्राने बनवलेला, अर्थहीन पासवर्ड ठेवा. तो ॲपमध्ये एकदाच टाकायचा असतो, त्यामुळे लांबीचा त्रास नाही. फ्रीपीबीएक्स हे वेब-पान वापरत असाल, तर नवं एक्स्टेंशन बनवताना ते स्वतःच असा पासवर्ड सुचवतं. सोपा करायच्या नादात तो बदलू नका.

एक लक्षात ठेवा, पासवर्ड मजबूत झाला म्हणजे बोलणं सुरक्षित झालं असं नाही. लॉगिनची देवाणघेवाण झाकायला टीएलएस लागतं, आणि आवाज झाकायला एसआरटीपी वेगळं चालू करावं लागतं. एथिक्स कमिटीच्या अर्जात 'संभाषण गोपनीय राहील' असं लिहिलं असेल, तर दोन्ही हवीत.

दार किती उघडं ठेवायचं?

सर्व्हरचं ५०६० हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवलं, तर अनोळखी यंत्रं १००, १०१, २०० असे नंबर आणि सोपे पासवर्ड लावून बघायला लागतात. एखादं जुळलं की रात्रीतून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लागतात आणि बिल विभागाच्या नावावर येतं. म्हणून सर्व्हर कॅम्पसच्या आतल्या नेटवर्कवर ठेवा आणि बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनने या. शिवाय सर्वेक्षकांच्या एंडपॉइंटला फक्त ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल नंबर लावायची मुभा द्या. ००ने सुरू होणारे परदेशी कॉल बंदच असू देत. मग एखादी किल्ली चोरीला गेली तरी नुकसान मर्यादित राहतं.

पासवर्डची फाइल वेगळी ठेवून ती मुख्य फाइलमध्ये जोडून घ्या. कोड गिटवर टाकाल तेव्हा ही फाइल वगळा.

प्रत्येकाला वेगळं लॉगिन का?

इथे मुद्दा फक्त सुरक्षेचा राहत नाही, संशोधनाचा होतो. ॲस्टरिस्क प्रत्येक कॉलची नोंद ठेवतं आणि तिच्यात कॉल कोणत्या एंडपॉइंटवरून झाला हे येतं. पाचही जण एकाच लॉगिनने बसले, तर सगळे कॉल एकाच माणसाचे दिसतात.

तुमच्या विषयात 'मुलाखतकाराचा परिणाम' वाचला असेलच. एकच प्रश्न दोघांनी विचारला तरी उत्तरं वेगळी येऊ शकतात. आवाज वेगळा, विचारण्याची घाई वेगळी. हा परिणाम मोजायचा तर कोणती मुलाखत कोणी घेतली हे खात्रीने माहीत हवं. सर्वेक्षकाने फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलेलं असतं, पण ते पडताळायला दुसरा पुरावा म्हणजे हीच कॉलची नोंद. लॉगिन सामायिक केलं की तो पुरावा गेला, आणि नंतर कोणतंही सांख्यिकी तंत्र तो परत आणत नाही.

म्हणून एओआरमध्ये एका वेळी एकच फोन नोंदता येईल अशी मर्यादा घाला. मूळ मर्यादा शून्य असते, ती १ करा. मग मैत्रिणीचं लॉगिन आपल्या फोनवर टाकलं तर सर्व्हर ४०३ म्हणून नकार देतो.

तपासायचं कसं?

फाइल पुन्हा लोड करून एंडपॉइंटची यादी मागवा. फोन नोंदला नसेल तर 'अनअव्हेलेबल' दिसतं, नोंदला की 'नॉट इन यूज'. पहिल्या ४०१ नंतर २०० आलं तर सगळं ठीक. ४०१ पुन्हा पुन्हा येत असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय. नेमकं काय चुकलं हे फोनला कळत नाही, त्यासाठी सर्व्हरचा लॉग बघा. ४०४ आलं तर एओआरचं नाव तपासा. मदत मागताना हा लॉग जसाच्या तसा कोणाला पाठवू नका, त्यात वर सांगितलेला ठसा असतो.

शेवटचं. मध्येच एखादा सर्वेक्षक काम सोडून गेला, तर त्याचं लॉगिन बंद करा, पण त्याचा २०३ नंबर नव्या माणसाला देऊ नका. नव्याला २०६ द्या. नाहीतर सहा महिन्यांनी विश्लेषणाला बसाल तेव्हा २०३ म्हणजे दोन वेगळी माणसं असतील, आणि व्हायवामध्ये 'ही मुलाखत कोणी घेतली?' असं विचारलं तर सांगता येणार नाही.