पोटावर उतरलेलं विमान आणि ‘चमत्कार’

६ मे २०२१. नागपूरहून उड्डाण घेताना एका एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं चाक निखळून पडलं. दोन इंजिनांचं छोटं किंग एअर सी-९०. आत रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर आणि दोघे वैमानिक. मुंबईत ते पोटावर उतरलं, पाचही जण सुखरूप. तेव्हापासून विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘‘देव तारी त्याला कोण मारी!’’

देवाबद्दल तक्रार नाही. पण चाकांविना उतरणं म्हणजे मरणाच्या दारातून परतणं, हे किती वेळा ऐकायचं? चाकं गेली म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. पंख, इंजिनं, सुकाणू शाबूत असतात. उतरणं नेहमीसारखंच हलकं. टेकताना वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे असतो खरा, पण तो पुढच्या दिशेनं. माणूस मरतो तो वेग एका क्षणात थांबला तर. इथे तो धावपट्टीवर घसरत, घासत जिरतो. पत्रा खरवडतो, पंख्यांची पाती वाकतात, इंजिनं खोलावी लागतात. विमान कधीकधी भंगारात जातं, माणसं बहुधा चालत बाहेर येतात. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला हेच घडलं: किंग एअर, तिघे जण, कुणालाही इजा नाही.

‘‘मग उरलेल्या चाकांवर तरी उतरवायचं!’’ अहो, एका बाजूचं मुख्य चाक नसेल तर विमान त्या बाजूला कलतं, पंख टेकतो आणि ते गर्रकन वळून धावपट्टीबाहेर जाऊ शकतं. त्यापेक्षा सगळी चाकं आत घेऊन सपाट पोट बरं.

आणि उतरण्याआधी विमान घिरट्या घालत राहतं, ती वैमानिकाची घाबरगुंडी नव्हे. असल्या छोट्या विमानांना हवेत इंधन सांडायची सोय नसते, ते जाळूनच संपवावं लागतं. न्यूकॅसलला त्यात सुमारे तीन तास गेले.

मुंबईत धावपट्टीवर फेस पसरला होता, म्हणून तो अनिवार्य समजू नका. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं फेस पसरण्याची शिफारस १९८७मध्येच मागे घेतली.

बटण दाबून चाक उतरलं नाही म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. बीचक्राफ्ट बॅरन या छोट्या विमानात चाकं उतरवायला हातानं फिरवायचा दांडा असतो. सुमारे पन्नास फेरे मारायचे.

आणि चाक उतरल्याचा हिरवा दिवा लागला नाही म्हणजे चाक अडकलंच असंही नाही. डिसेंबर १९७२मध्ये फ्लोरिडात ईस्टर्न एअर लाइन्सच्या मोठ्या जेटचे वैमानिक अशाच एका दिव्यात गुंतले आणि विमान दलदलीत आदळलं. १०१ माणसं गेली. चाक उतरलेलं होतं, बल्ब गेला होता.