एका नटाच्या पोटात साडेनऊ किलोमीटरची विहीर

जीप कोमांची. अमेरिकेतल्या टोलेडोच्या कारखान्यात घडलेला, १९८६ ते १९९२ या मॉडेलवर्षांचा पिकअप ट्रक. त्याची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती घ्या आणि चला, पाठीवर सरपटत तिच्या पोटाखाली शिरू.

वर पाहा. स्टिअरिंग बॉक्समधून एक जाड दांडा खाली उतरलाय आणि त्याच्या टोकाला लोखंडाचा एक हात बसलाय. पुस्तकात त्याला पिटमन आर्म म्हणतात, आपल्या गॅरेजात ड्रॉप आर्म. एवढासा तुकडा. नट सोडायचा, आर्म ओढायचा, संपलं काम. नाही का?

थांबा. आधी हिशेब मांडू.

याच कुळातल्या जीप चेरोकीची दुरुस्ती-पुस्तिका सांगते की हा नट २५१ न्यूटन-मीटरने आवळावा. म्हणजे पान्याला एक मीटरचा पाइप जोडा आणि टोकाला सिमेंटची अर्धी गोणी लटकवा. बस्स, एवढाच पीळ. पण आटे या पिळाचं दाबात रूपांतर करतात आणि ढोबळ गणिताने तो दाब होतो साडेपाच टन! एक दांडगा हत्ती, माहूत आणि हौद्यासकट, या एका नटावर उभा.

आणि ही तर सुरुवात. दांडा सरळ नाही, निमुळता आहे. लाकूड फोडताना पाचर ठोकतात ना, तसाच आर्म त्यावर चढत जातो. पाचरेने साडेपाच टनांचे होतात सुमारे सत्तावीस. पाच हत्ती! आणि ते उभे कशावर? पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढ्या जागेवर. दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक टन. विहिरीत दर दहा मीटर पाण्याला एक किलो दाब धरला, तर एवढ्या दाबासाठी विहीर खणावी लागेल साडेनऊ किलोमीटर खोल. तिच्यात अख्खा एव्हरेस्ट उभा सोडला, तरी शिखरावर साडेसहाशे मीटर पाणी उरेल. आणि ही सगळी विहीर तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

त्यात गंज. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ पसरतात. आपल्या मालगाडीत चार हजार टन मावतं असं धरा. म्हणजे पाच हजार मालगाड्या. एकामागे एक जोडल्या तर मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून परत मुंबई, आणि तरीही शेपूट जवळजवळ पाचशे किलोमीटर उरतं. हे खारट पाणी फटीत शिरतं, लोखंडाचा गंज होतो आणि गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. जागा तर नाहीच. मग तो रेटतो.

आता आपली बाजू. पुलर, म्हणजे स्क्रू पिळून आर्म ओढून काढणारं अवजार, लावा. दर फेऱ्याला स्क्रू दीड मिलिमीटर सरकतो, आणि चाळीस सेंटिमीटरच्या दांड्यावरचा तुमचा हात तेवढ्यात अडीच मीटर फिरतो. याच हिशेबाने हाताने मुंबई ते पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटर भरेल एवढी गोल गोल चाल केली, तर स्क्रूचं टोक सरकेल नव्वद मीटर. रेल्वेचे चार डबे! अंतर हरवलं, पण बळ कमावलं. घर्षणाने दहातले नऊ हिस्से खाल्ले, तरी वीस किलोच्या रेट्याचे तीन टनांहून जास्त होतात.

तरीही हलेना? आर्मला ऊब द्या, बॉक्सचं रबरी सील सांभाळून. दोनशे अंशांनी तापला तर तीस मिलिमीटरचं भोक रुंदावतं ०.०७ मिलिमीटरने. हसू नका. मुंबई-पुण्याचे १९२ किलोमीटर रूळ तेवढेच तापवले, तर ते ४६० मीटरने वाढतील. वीस डब्यांची अख्खी गाडी जादा!

आणि आता हातोडा. पुलर ताणलेलाच ठेवा. दोन किलोचा हातोडा सेकंदाला आठ मीटर वेगाने येतो आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात थांबतो. त्या क्षणी तीन टन! पापणी लवेपर्यंत असे शेकडो क्षण बसतील. एक घाव. दुसरा. तिसरा. हत्ती, विहीर, मालगाड्या, रूळ, सगळं एका टोकाला ताणलेलं, आणि... ठण्ण!

सुटला. इतकी ओढाताण करून तो सरकला किती? पहिल्या झटक्यात केसाच्या जाडीएवढा. पाचरेला तेवढंच पुरतं.

म्हणून नट सोडताना तो पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर लटकत राहू द्या. टनांनी दाबलेला आर्म सुटतो तेव्हा तो खाली येतो, आणि खाली तुम्ही असता.