रोज एक स्केच: चित्रातून गोष्ट सांगायला कसं शिकायचं?

वही नवी, पेन नवं, उत्साहही नवा. तुम्ही चहाच्या टपरीसमोर बसता आणि समोर दिसेल ते काढता. किटली, स्टोव्ह, काचेचे ग्लास, बिस्किटांच्या बरण्या, वरचा पत्रा. घरी आल्यावर दाखवलं की सगळे म्हणतात, "छान जमलंय." आणि पान उलटतात. आठ-दहा दिवसांत वही कपाटात जाते.

हात कच्चा आहे म्हणून असं होतं, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. चित्रात टपरी आहे, पण टपरीवर काहीच घडत नाहीये. हुबेहूब काढता येणं आणि काढलेल्यातून काही सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम कुठल्या वर्गात फारसं शिकवत नाहीत. पण रोज थोडं थोडं करून ते येतं, आणि कसं येतं याचं उत्तम उदाहरण गोव्यात आहे.

भिंतीवरून वहीत

मारिओ मिरांडा (१९२६-२०११) हे नाव माहीत नसलं तरी त्यांची चित्रं तुम्ही पाहिली असणारच. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर ती आहेत, आणि गोव्यात तर कपापासून फरशीपर्यंत सगळीकडे आहेत. लहानपणी मारिओ लोटलीच्या घरात भिंतींवर चित्रं काढायचे. वैतागून आईने एक कोरी वही हातात दिली. तिथून डायरीची सवय लागली.

डायरी म्हणजे काय, तर रोजच्या घडामोडींचं चित्र आणि सोबत थोडा मजकूर. चित्रकलेचं रीतसर शिक्षण मारिओंनी घेतलं नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते इतिहास शिकले. डायरी मात्र चालू राहिली. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. तेव्हा मारिओ पंचविशीच्या आतबाहेरचे होते, नाव व्हायचं होतं, आणि पानं भरत होती ती गावातली लग्नं, पाद्री, मित्रमंडळी, कुत्री आणि गप्पा यांनी.

पुढे 'इलस्ट्रेटेड वीकली' आणि टाइम्स समूहाच्या नियतकालिकांतून मिस फोन्सेका, मिस निंबूपानी ही त्यांची पात्रं घरोघरी पोचली. मारिओंचं कुठलंही गर्दीचं चित्र बघा. त्यात नुसतं उभं असलेलं माणूस शोधून सापडत नाही. कुणी कुणाच्या कानात कुजबुजतंय, कुणी खिडकीतून डोकावतंय, कुत्रं कुणाच्या तरी पायात आलंय. ही नजर एका दिवसात आलेली नाही. डायरीत रोज एक प्रश्न सोडवावा लागतो: आज एवढं सगळं घडलं, त्यातलं काढायचं काय? तो प्रश्न वर्षानुवर्षं सोडवला की गोष्ट कुठे आहे ते दिसायला लागतं.

नाम नको, क्रियापद हवं

आता आपल्या वहीकडे येऊ. काढलेल्या चित्राला मनातल्या मनात नाव देऊन बघा. 'चहाची टपरी' एवढंच नाव सुचलं, तर ते वस्तूचं चित्र आहे. 'टपरीवाला उधारीच्या वहीत नाव शोधतोय' असं नाव देता आलं, तर गोष्ट सुरू झाली. कुणाची उधारी, किती झाली, समोरचा माणूस मान खाली घालून का उभा आहे, हे बघणारा स्वतःच विचारायला लागतो. चित्र थांबलेलं असलं तरी त्याला आधीचा आणि नंतरचा क्षण असतो. तो क्षण सुचवणारी कृती निवडणं, एवढीच खरी युक्ती.

शि. द. फडणीस यांची 'हसरी गॅलरी' आठवा. एकही शब्द नाही, तरी लहान पोरालाही कळतं की आत्ता काय झालं आणि पुढच्या क्षणी काय होणार आहे.

मग टाकायचं काय? जवळजवळ सगळं. बरण्या, पत्रा, मागची दुचाकी या सगळ्यांना चित्रात जागा दिली की नजर भरकटते. उधारीची वही आणि दोन चेहरे नीट काढा. बाकी टपरी दोन रेघांत उरकली तरी चालतं. नवशिक्यांची अडचण कमी काढण्याची नसते, ती जास्त काढण्याची असते. मी स्वतः पहिले दोन महिने फरशीचे सांधे मोजत बसलो होतो.

पण माणसं हलतात!

हा सगळ्यांचा पहिला आक्षेप, आणि तो बरोबर आहे. उपाय असा की पेन लगेच टेकवायचं नाही. काम करणारी माणसं त्याच त्या हालचाली पुन्हा करतात. भेळवाला कांदा चिरतो, भांड्यात टाकतो, ढवळतो, पुन्हा चिरतो. दोन-तीन वेळा नुसतं पाहा, तुम्हाला हवी ती हालचाल धरा, आणि ती परत आली की तेवढीच रेघ मारा. आधी पाठीचा बाक आणि हातांची दिशा घ्या, चेहरा शेवटी. माणूस निघून गेला तर उरलेलं आठवणीतून पुरं करा.

आठवणीतून काढणं म्हणजे फसवणूक, असं मानणारेही आहेत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिएटलच्या पत्रकार-चित्रकाराने २००७ साली शहरांची स्केचेस काढणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट सुरू केला. त्यातून 'अर्बन स्केचर्स' ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. मुंबई-पुण्यातही तिचे गट आहेत. त्यांचा दंडकच आहे की जागेवर बसून, समोर बघून काढायचं. हाताला शिस्त लावायला तो फार चांगला आहे. पण गोष्ट शिकायची असेल तर रात्री घरी बसून दिवसातला एक प्रसंग आठवणीतून काढणंही हवं, असं माझं मत आहे. आठवण बिनकामाच्या बरण्या परस्पर टाकून देते. लक्षात राहतं ते बहुधा काढण्याजोगं असतं.

रात्रीच्या या बैठकीसाठी लिंडा बॅरी या अमेरिकन चित्रकथाकार आणि प्राध्यापिकेची पद्धत उपयोगी आहे. त्या विद्यार्थ्यांकडून वहीच्या पानाचे चार भाग करून घेतात. एकात आज काय केलं याची यादी, दुसऱ्यात काय पाहिलं, तिसऱ्यात कानावर पडलेलं एखादं वाक्य, चौथ्यात छोटं चित्र. सगळं काही मिनिटांत. यातला तिसरा रकाना सोन्यासारखा आहे. रिक्षाच्या रांगेत मागच्या बाई फोनवर म्हणाल्या, "मग त्याला म्हणावं, डबा तरी परत दे." एवढं वाक्य चित्राखाली लिहिलं की रिक्षाची रांग ही रिक्षाची रांग उरत नाही.

जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत 'एनिक्की' हा गृहपाठ असतो: पानावर वर चित्र, खाली दोन-चार ओळी. आपल्याकडे सुट्टीत शुद्धलेखन देतात.

बाकी साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खिशात मावणारी वही आणि बॉलपेन पुरे. खोडरबर घरी ठेवा. वेळ दहा मिनिटं. बाहेर बसलात की कुणीतरी येऊन विचारणारच, "काय काढताय?" वही लपवू नका, दाखवा. ज्याचं चित्र काढलंय त्याला ते बघण्याचा हक्क आहे, आणि नको म्हणाला तर थांबायचं.

एकच कोपरा, अनेक दिवस

रोज नवी जागा शोधण्यापेक्षा एकच जागा पुन्हा पुन्हा काढणं मला जास्त शिकवून गेलं. आमच्या इमारतीखाली गुलमोहराच्या आडोशाला एक इस्त्रीवाले काका बसत. पहिल्या दिवशी मी टेबल, कोळशाची इस्त्री आणि कपड्यांचा ढीग काढला. नाव काय द्यायचं? 'इस्त्रीचं टेबल'. चौथ्या दिवशी काका कपड्यावर पाणी शिंपडताना सापडले. सहाव्या दिवशी शाळेची एक मुलगी गणवेशाच्या स्कर्टसाठी ताटकळत उभी होती, एक डोळा रस्त्यावरच्या स्कूलबसकडे. त्या पानावर मी काकांचा फक्त हात काढला, बाकी सगळी मुलगी.

साधारण तीन आठवड्यांनी एका सकाळी टेबल रिकामं होतं. वर चादरीत बांधलेलं एक गाठोडं, बस. मी तेच काढलं. एरवी ते चित्र कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. पण वही सुरुवातीपासून चाळणारा प्रत्येक जण त्या पानावर थांबून विचारायचा, "काका कुठे गेले?" मलाही माहीत नव्हतं. रोज खाली उतरून मी रिकामं टेबल काढत राहिलो. एकदा गाठोड्यावर मांजर झोपलेलं होतं, एकदा ती मुलगी चुरगळलेल्या स्कर्टमध्ये तिथून पळत गेली.

काका पंधरा-सोळा दिवसांनी आले. गावी आईचं आजारपण होतं. टेबलाखाली आता सिलिंडर होता आणि हातात गॅसवर चालणारी नवी इस्त्री. मी वही पुढे केली. त्यांनी थुंकी लावून एकेक पान उलटलं, मांजरावर हसले, मग मागे जाऊन पहिल्याच पानावर थांबले आणि कोळशाच्या इस्त्रीवर बोट ठेवलं.

"ही भंगारात दिली," ते म्हणाले. "वजनावर गेली. हिची मूठ तुम्ही उलटी काढलीय."